दौलतरावांच्या डोळ्यातला थेंब

भोसरीच्या एकाच कारखान्यात, एकाच लेथ खात्यात तीस वर्षं काढूनही दौलतरावांना सगळे ‘राव’ लावायचे आणि किसनला नुसतंच किसन. त्यांचा फोटो दोनदा कंपनीच्या बोर्डावर झळकला, ह्याचा एकदाही नाही. निवृत्तीनंतर साखरेनं दोघांचेही डोळे धरले आणि चिंचवडच्या एकाच दवाखान्यात डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली, तेव्हा किसनला मनातून बरंच वाटलं. आजारात तरी बरोबरी झाली.

उलट इथं तो वरचढच होता. नजर तपासायची अक्षरांची पाटी बाकासमोरच टांगलेली. किसनचा नंबर दर वेळी आधी लागायचा आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचायचा, दौलतरावांना ऐकू जाईल असं. पण मागून दौलतरावही सगळं घडाघडा म्हणून दाखवायचे, की झाला ह्याचा विरस.

आज तर कहर झाला. डॉक्टरीणबाईंनी दौलतरावांना आत बोलावून सांगितलं, की इंजेक्शन देताना तुमच्या डोळ्याच्या आतलं थेंबभर पाणी काढून घेऊ, त्यातली प्रथिनं तपासून ह्या आजारावर संशोधन चाललंय. दौलतराव संमतीचा कागद घेऊन ताठ मानेनं बाहेर आले. बाकावरच्या बाया कौतुकानं बघायला लागल्या आणि किसनच्या अंगाचा तिळपापड झाला. डोळ्यातल्या थेंबालासुद्धा मान ह्याच माणसाचा!

तो तडक आत शिरला. माझंही पाणी घ्या म्हणाला, हवं तर दोन्ही डोळ्यांचं. बाई हसल्या. तुमचा डोळा औषधाला छान दाद देतोय, म्हणाल्या; ज्यांचा डोळा खालावत चाललाय, त्यांच्याच पाण्यात काय बिघडलंय ते आम्ही शोधतो.

किसन बाहेर आला तो गोंधळूनच. त्यानं दौलतरावांना विचारलं, की तुम्ही तर अख्खी पाटी वाचता, मग डोळा बिघडला कसा?

दौलतरावांनी त्याला बाजूला घेतलं. मग म्हणाले, “मी कुठं वाचतोय. तू म्होरं वाचायचास, ते ध्यानात ठेवून म्हणायचो. सगळं दिसतंय म्हणून सांगितलं आन् मधली तीन इंजेक्शनं टाळली. काल मशीनवर डोळ्याचा फोटू काढला तवा पितळ उघडं पडलं.”

“आवो, पर कशापायी?”

“तुझ्यापरीस एक ओळ कमी वाचली असती, तर तू गावभर सांगितलं असतंस.”

किसनला ते पटलं. त्यानं सांगितलंच असतं, आणि वर चहाही पाजला असता.

दौलतरावांनी कागद त्याच्यापुढं धरला. उलटा धरला होता. “काय लिवलंय, वाच.”

किसननं कागद सुलटा केला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन वाचला, बाकावरच्या कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मग सहीच्या रेघेवर त्यांचं बोट नेऊन ठेवलं.