साडूची शिळा

"बाबांनी शिळा उचलली! एका तळहातावर!"

हॉलमध्ये एकच गलका झाला. वॉशिंग मशीनएवढा काळा खडक डोक्यावर धरून बाबा डुलत होते. "सत्त्व असेल त्यालाच पेलते! डोळे मिटा! रोग शिळेत जातोय, गोळ्या फेकून द्या!"

सगळ्यांनी डोळे मिटले. फिश टँकवाल्यानं नाही मिटले. पोटात जळत असलं की डोळे मिटतात थोडेच? बाबा म्हणजे त्याचा साडू. त्याच्याच दुकानात थर्माकोल कोरायला शिकला, आणि आज लोक त्याच्या पाया पडत होते! टँकवाल्यानं जन्मभर मासे-सरड्यांच्या काचपेट्यांत मागे लावायच्या कडेकपारी कोरल्या. नमस्कार राहू दे, कुणी साधं 'छान' म्हणालं नव्हतं. त्यात सासूबाईंनी या साडूच्या शब्दावर मधुमेहाच्या गोळ्या बंद केलेल्या. कालच भोवळ येऊन पडल्या होत्या.

जळक्या नजरेनं त्यानं खडकाचं बूड पाहिलं आणि त्याला हसूच फुटलं. पांढरंफटक! काचेला चिकटणारी मागची बाजू त्यांच्या धंद्यात कुणी रंगवत नाही. गाढवानं सवयीनं बूडही कोरंच सोडलं होतं.

"अहो, हा थर्माकोल आहे!" तो ओरडला.

"गप्प बसा हो," बायकोनं कोपर मारलं. "माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं चांगलं झालं की तुमच्या पोटात दुखतं."

"दुखतंच! पण बूड पांढरं आहे, त्याला मी काय करू? सासूबाई, तुमची श्रद्धा आहे ना? मग तुम्ही उचला."

"नको, त्यांना झेपणार नाही!" बाबांनी घाईघाईनं खडक खाली ठेवला. पण सासूबाई भक्तिभावानं पुढे झाल्याच. खडक अलगद वर आला.

"धन्य! केवढं सत्त्व!" लोक ओरडले.

"कसलं सत्त्व मेलं," सासूबाई म्हणाल्या. "माझी उशी याहून जड आहे."

मग टँकवाल्यानं तो एका हातानं उचलला. "आणि माझ्यात तर सत्त्वाचा लवलेश नाही, विचारा हिला!" त्यानं कोपरा मोडला. पांढरे दाणे भुरभुरले आणि बाबांच्या दाढीला चिकटले. "आत थर्माकोल, वर सिमेंटचे पातळ हात, त्यावर रंग. एवढीच करामत. कुणी डोळे मिटायला सांगितलं, की आधी उघडून बघा. आणि साखर खडकानं उतरत नाही, गोळीनं उतरते."

"माझ्या गोळ्या कुठे ठेवल्यास गं?" सासूबाईंनी लेकीला विचारलं.

बाहेर पडताना बायको हळूच म्हणाली, "झालं ना पोट थंड?"

टँकवाला हातातला मोडका तुकडा निरखत होता. "कसलं थंड! या भेगा बघ. लेकाच्यानं माझ्यापेक्षा चांगल्या कोरल्यात."