नामाआजोबांची मोटार नको म्हणते

शिरवण्यात पाटलांच्या दारात अडीचशे माणूस जमलं होतं, आणि तेही एका मोटारीचा कौल घ्यायला! नामा पाटलांनी हौसेनं घेतलेली ती जुनी अमेरिकन गाडी, आठ सिलिंडरची. आजोबा वारले आणि वर्षाच्या आत तिच्या इंजिनात राहायला आले, असं बाबासो महाराजांनी जाहीर केलं. चांगला तीन मजली बंगला सोडून!

कौलाची रीत अशी. महाराज बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू लावायचे. मग गाडी सुरू ठेवून ढोलताशात आरती. आरती झाली की प्रश्न विचारायचा आणि चावी काढायची. गाडी गप पडली तर होकार. चावी काढूनही हिसके देत राहिली तर नकार. या कौलावर एका माणसानं ऑपरेशनसुद्धा लांबवलं होतं.

आज प्रश्न होता नात निशिगंधाच्या लग्नाचा. जुईनगरचा आशुतोष तिनं स्वतः पसंत केलेला. चावी निघाली आणि गाडीनं अकरा हिसके दिले. महाराज म्हणाले, आजोबांना हा मुलगा नापसंत. त्यांच्या मनात महाराजांचा भाचा प्रीतम आहे. अकरा हिसक्यांत एवढा तपशील! वडील रणजीतशेठ हात जोडून रडत होते. मेलेल्या बापाचा शब्द ते मोडणार नव्हते.

ती आयटीआयमध्ये इंजिन शिकवायची. आजवर तिनं हे थोतांड हसण्यावारी नेलं होतं. आता गळ्याशी आलं. तिनं गाडीतलं आजोबांचं सेटिंगचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं, गाडी उभी असताना इंजिनाचे फेरे मिनिटाला पाचशे. तिनं गाडी सुरू करून फेरे मोजायचा मीटर लावला तर नऊशे! बॉनेटखाली पाहिलं, तर कुंकू सगळं कार्बोरेटरच्या एकाच स्क्रूवर.

"महाराज, एकदा मी विचारते," ती म्हणाली. एवढ्या माणसांदेखत महाराज नाही कसं म्हणणार?

तिनं स्क्रू सैल केला, आरतीएवढा वेळ गाडी चालवली आणि विचारलं, "आजोबा, तुमचं नाव नामा ना?" चावी काढली. गाडी गप. लोकांनी हात जोडले. मग स्क्रू दोन फेरे आवळून पुन्हा आरती, पुन्हा तोच प्रश्न. गाडी थाडथाड उडाली. आजोबांनी भरसभेत स्वतःचं नावच नाकारलं!

"मंग मी चालीस वर्सं कोनाशी संसार केला?" आजी भिमाबाईंनी विचारलं, आणि अख्खं अंगण हसलं.

निशिगंधानं उलगडून सांगितलं. तापलेल्या सिलिंडरात काजळी निखाऱ्यासारखी धगधगते. स्क्रू आवळला की कार्बोरेटरची झडप थोडी उघडी राहते, पेट्रोलमिश्रित हवा आत जात राहते आणि चावी नसतानाही त्या धगीवर पेटते. कुंकवाच्या आडून महाराज स्क्रू फिरवत, आणि वाढलेला आवाज ताशात बुडून जाई. महाराज मान खाली घालून चपला शोधू लागले.

रणजीतशेठ मात्र हसले नाहीत. "म्हंजे बा माज्याशी बोललाच नाय?" त्यांनी विचारलं.

"नाय बाबा. पन मी हाय ना, माज्याशी बोला."

ते मोटारीकडे पाठ करून तिच्याजवळ आले. त्यांनी मोटारीला विचारलं होतं, महाराजांना विचारलं होतं. पोरीला एकदाही नाही.

"तुला पोरगा पसंत हाय?"

"हाय."

लोकहो, इंजिनाचं दुखणं मेकॅनिकला विचारा, शरीराचं डॉक्टरला. आणि लग्न जिचं आहे तिला विचारायला कुठलाच कौल लागत नाही.