मोठ्या नावाने उघडं मशीन

गडब गावच्या मालूला रोह्याच्या कंपनीने प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला घेतलं होतं. दोन वर्षांत ती कॉम्प्युटरवर तपासणीचे आकडे भरू लागली. पनवेलहून आलेल्या इंजिनिअरने तिला त्या मशीनमध्ये शिरायला दोन नावं दिली होती. रोजच्या कामाला ‘मालू’ आणि दुरुस्तीपुरतं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’. त्या मोठ्या नावाने काहीही पुसता येई, म्हणून काम झालं की ती लगेच त्यातून बाहेर पडे.

मग प्रविण केमिस्ट आला. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांदेखत म्हणाला, "बाटल्या धुणारीच्या हातात मशीन? मालूबाई, ब्रश घ्या!" त्याने मोठ्या नावाचा पासवर्ड बदलला आणि तो माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं मॅनेजरसाहेबांना लिहून दिलं. आकडे कागदावर उतरवणंही बंद केलं.

मालू पुन्हा बाटल्या घासू लागली. आपली खुर्ची परत घ्यायची आणि ह्याला सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं, एवढंच तिने मनात धरलं. प्रविण दिवसभर मोठ्या नावानेच बसायचा. पत्त्यांचा खेळसुद्धा त्याच नावाने. चहाला जाताना मशीन तसंच उघडं.

एका गुरुवारी तो असाच उठून गेला. खोलीत कुणी नव्हतं. मालूने हात पुसले, खुर्चीत बसली आणि महिन्याभराचे आकडे पुसून टाकले. मग पुन्हा ब्रश उचलला.

संध्याकाळी साहेब कडाडले, "आकडे पुसल्याची नोंद ॲडमिनिस्ट्रेटरच्या नावावर आहे. पासवर्ड कुणाकडे?"

"माझ्याकडेच, सर."

"मग?"

प्रविणने मालूकडे पाहिलं. ती बाटली उजेडात धरून डाग शोधत होती. तिचं नाव घ्यावं, तर मशीन उघडं टाकल्याचं कबूल करावं लागणार.

"चुकून... माझ्याच हातून," तो म्हणाला.

शेजारी बाटल्या धुणारी गोदूबाई कुजबुजली, "बघ गो मालू, तोंड कसं पडलंय!"

"मालू, उद्यापासून मशीनवर तू बस," साहेब म्हणाले.

"बसते. पण मोठं नाव माझ्याकडं नको. पासवर्ड पाकिटात बंद करून तुमच्या कपाटात ठेवा. लागला तर तुमच्यासमोर उघडू."

"अगं, तुझ्यावर विश्वास आहे."

"माझ्यावर पण ठेवू नका, साहेब. मशीन उघडं दिसलं की माणूस काय करील, सांगता येत नाय."

प्रविण दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला नीट ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानेच ती बोलली होती.