इंधनभत्त्यातून उरलेलं

पेट्रोलपंपाच्या पावतीवरची शाई उडाली होती; तारीख दिसत होती, रुपये दिसत नव्हते, आणि प्रतिक्षा ती पावती खिडकीकडे धरून तिरकी करून पाहत होती — उगाचच, कारण पिशवीत अशा अजून साठ-सत्तर होत्या.

"पावत्या राहू द्या," वकीलबाई म्हणाल्या. "महिन्याला साडेसहा हजार इंधनभत्ता पगाराबरोबर खात्यावर येतो. तो मिळकतीत धरायचा की नाही, एवढंच सांगा."

बारामतीच्या कोर्टाजवळच्या त्या एवढ्याशा खोलीत पंखा चालू होता, तरी तिच्या मानेवर घाम उतरला. नादारीचा अर्ज, म्हणजे कर्ज फेडणं आपल्याला शक्य नाही असं कोर्टापुढे मांडायचं... भावाने, ऋषिराजने, एमआयडीसीच्या रस्त्याला जिम काढली तेव्हा बँकेच्या कर्जाला जामीन म्हणून तिने सही केली होती. जिम बसली, ऋषिराज सुरतेला जातो म्हणून गेला, त्याचा फोन लागेनासा झाला; आणि वसुलीवाले तिच्या ओट्यावर येऊन आईकडे पाणी मागू लागले. विम्याची माणसं आहेत, असं तिने आईला सांगितलं होतं.

"तो खर्चाचा पैसा आहे ना, मॅडम? डेअरीच्या कामाला दूध केंद्रांवर फिरते मी. स्वतःची गाडी, स्वतःचं पेट्रोल."

"खर्च झाला तेवढा खर्च. त्यातून काही उरत असेल तर ती मिळकत, असं मी तरी मांडीन. कोर्ट काय मानेल ते पुढे. उरतं का काही?"

"नाही."

किती पटकन आलं ते.

"बरं. पाच वाजता प्रतिज्ञापत्रावर सहीला या. शपथेवर असतं ते, लक्षात ठेवा."

बावड्याच्या दूध केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंना ऊस होता, आणि स्कूटी चालवताना तिला मागून कुणीतरी येतंय असं सारखं वाटत होतं. आरशात नुसता रस्ता. उरतं... तीन हजार उरतात, कधी थोडे जास्त. बावड्याच्या आठवड्याला चार खेपा लिहायच्या आणि दोनच करायच्या. बाकीचे दोन दिवस टँकरवाल्याकडून दुधाचे नमुने मागवायचे. आईच्या डोळ्यातली इंजेक्शनं त्यातूनच झाली. मी कुणाच्या खिशात हात घातला नाही, नमुने तर तपासलेच मी, एकही सोडला नाही... पण उरतं म्हणाले तर डेअरी विचारणार, फिरल्यावर उरलं कसं? आणि नाही म्हणाले तर बँकेचा वकील माझी फिरतीची डायरी मागवणार, एकेक दिवस बोटाने दाखवणार — या मंगळवारी कुठे होता, बाई? — आणि मी कोर्टात साक्षीच्या कठड्याला धरून उभी... दोन्हीकडून नोकरी जाते. दोन्हीकडून! समोरच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला तेव्हा तिला कळलं, आपण रस्त्याच्या मधोमध आलो आहोत.

केंद्रावर रामहरी तात्या कॅन धुवत होते. दूध मोजण्याचं आणि तपासणीची वही सांभाळण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी हात पुसून वही पुढे केली.

"मंगळवारची सही ऱ्हायलीय, मॅडम. करून टाका."

पेन तिच्या हातात तसंच राहिलं. "मंगळवारी मी आले नव्हते, तात्या."

"म्हाईत हाय की. म्हणून तर म्हणतोय." त्यांनी आवाज खाली आणला. "कुणी इचारलं तर मी सांगतोय, मॅडम चारी दिस येत्यात म्हणून. कुठं बी सांगीन. लेकीवानी हायसा तुमी मला."

कुठं बी. तिला त्या कठड्यात तात्या दिसले — धुतलेली टोपी घालून, तिच्याकडे न पाहता, शपथ घेताना. आजवर भीती तिची एकटीची होती. दोन वर्षं हा माणूस सगळं ओळखून गप्प होता, आणि आपण समजत होतो की कुणाला कळलेलं नाही.

"नको, तात्या," ती म्हणाली. "मंगळवार कोराच राहू द्या. आणि कुणाला काही सांगू नका. खोटं तर नकोच."

"आसं कसं, मॅडम? काय झालं काय?"

ती वही परत देऊन बाहेर आली. तिने वकीलबाईंना फोन लावला.

"मॅडम, प्रतिक्षा बोलते. सकाळी मी खोटं बोलले. उरतं. तीन हजार."

वकीलबाई सावकाश म्हणाल्या, "हे डेअरीपर्यंत जाऊ शकतं. कळतंय ना? आणि आता तुम्ही मला सांगितलंत, म्हणजे 'उरत नाही' हे मी लिहू शकत नाही. उरतं असं लिहू, की अर्जच थांबवू?"

"पाचला येते," ती म्हणाली. "तेव्हा सांगते."

फोन ठेवून ती स्कूटीपाशी आली. उद्या नोकरी असेल की नसेल, अर्ज टिकेल की नाही... तिने प्रत्येक शक्यतेपाशी जाऊन पाहिलं, आणि प्रत्येक ठिकाणी भीती होतीच. फक्त सकाळपासून ती त्या भीतीपासून तोंड चुकवत पळत होती, आणि आता, उन्हात, स्कूटीच्या तापलेल्या सीटवर हात ठेवून ती भीतीकडे पाहत उभी होती. मग तिच्या लक्षात आलं की काल दुपारपासून आपण काही खाल्लेलं नाही, आणि आपल्याला फार भूक लागली आहे.