सत्याच्या शिडीखाली

"काकू, माझी सोंगटी सत्यावर आली!" मनकर्णा टाळ्या पिटत ओरडली आणि शिवम्मानं चोरून ओट्याच्या कडेकडे पाहिलं.

तिथं पोलीस जमादार पाणी पीत बसला होता. निजाम सरकारच्या टेलिफोनच्या तारा तोडणाऱ्या पोरांत शिवम्माच्या लेकाचं, शिवरुद्रचं नाव होतं आणि त्याच्याच मागावर तो चुडावा गावात आला होता. शिवरुद्र परसातल्या कडब्याच्या गंजीत दडलेला. जमादार गल्लीत शिरलेला दिसताच शिवम्मानं शेजारची पोरं गोळा करून मोक्षपट पसरला होता, घर नेहमीसारखं दिसावं म्हणून. आपल्या हुशारीवर ती तेव्हा खूशही झाली होती.

तिच्या मोक्षपटाचा रिवाज गल्लीला ठाऊक होता. साप म्हणजे पाप, शिडी म्हणजे पुण्य आणि सगळ्यात वर कैलास. पण नुसत्या कवड्या टाकून शिडी चढता येत नसे. दयेच्या शिडीशी आलं की उठून वासराला पाणी पाजायचं. सत्याच्या शिडीशी आलं की कुणाला माहीत नसलेली एक खरी गोष्ट सांगायची. पोरं गुळाच्या चोऱ्या आपणहून कबूल करत, आणि आया शिवम्माचे गुण गात.

"बोल बेटी, बोल," जमादार मिशीत हसला.

"ऱ्हाऊ दे गं, पुढच्या खेपंला सांग," शिवम्मा घाईनं म्हणाली.

"आसं कसं काकू? तुमीच म्हनता, खरं दाबून ठिवू न्हाई." सात वर्षांची पोर ताठ बसली. "शिवरुद्रदादा गावाला गेला न्हाई. कडब्यात हाय. सकाळी तुमी त्याला भाकर दिली, म्या बघितलंय."

शिवम्माचा हात उठला. चपराक अशी बसली की बाकीची पोरं मागं सरकली.

"लय खोटारडी हाय, साहेब! रोज नवं कायतरी रचायलीय." तिनं मनकर्णाची सोंगटी उचलून असत्याच्या सापाखाली आपटली. "जा खाली!"

मनकर्णा रडली नाही. ती सोंगटीकडे बघत राहिली, मग काकूकडे. जमादारानं परसात जाऊन गंजीत एकदा काठी खुपसली आणि तो निघून गेला. अंधार पडताच शिवरुद्र सरहद्दीकडे पसार झाला.

लेक वाचला, पण शिवम्माच्या जिवाला चैन पडेना. भाकरी थापताना परातीवर हात पडला की ती चपराक आठवून ती दचके. गल्लीत पोरीचं नावच खोटारडी पडलं. तिला ताप आला तेव्हासुद्धा आईला ते सोंग वाटलं. शिवम्मा भिंतीपलीकडून सगळं ऐकायची. तोंड उघडावं तर लेकाच्या गळ्याला फास. ती आतल्या आत जळत राहिली.

भादव्यात भारताची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, शिवरुद्र घरी परतला. त्याच दुपारी शिवम्मानं पट पसरला, मनकर्णाला हाताला धरून आणलं आणि सगळ्या पोरांसमोर तिची सोंगटी सत्यावर ठेवली.

"मनू त्या दिशी खरं बोलली व्हती. खोटं मी बोलले. चढीव बाई तुझी सोंगटी."

मनकर्णानं दारात उभ्या असलेल्या शिवरुद्रकडे पाहिलं.

"न्हाई काकू. कडब्यात कुनीच नव्हतं. म्याच खोटं बोलले व्हते."

"अगं, आता कशाला भ्यायचं? जमादार गेला."

"पुन्हा आला तर?"

शिवम्माला हुंदका फुटला. मनकर्णानं सोंगटी उचलली, आपल्याच हातानं सापाखाली नेऊन ठेवली आणि कवड्या शेजारच्या पोराच्या हातात दिल्या.