माझ्यात रुपा गाडलेली नाही

मित्रांनो, डोळखांबकडून मुरबाडच्या बाजूला येताना एका वळणानंतर तुमच्या गाडीचा हॉर्न उगाचच लांबलचक वाजला, तर समजा, तुम्ही माझ्या अंगावर आहात. समोर गुरं नसतात, माणूस नसतो, तरी ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. ‘पुलावरच्या बाई’ला तो सांगत असतो, आम्ही चाललो, आम्हाला अडवू नकोस. मी तो जुना पूल.

मी साधाच आहे. ओढ्यात दगडी खांब, वर काँक्रीटच्या दोन लाद्या आणि त्या लाद्यांच्या मधे मुद्दाम सोडलेली एक फट. माझं सगळं दुखणं त्या फटीत आहे. उन्हानं लाद्या फुगतात, त्यांना अंग पसरायला ती जागा. तुम्हाला जसा श्वास, तशी मला ती फट.

मला बांधलं तेव्हा तुमचे आजीआजोबा तरुण होते. बाया डोक्यावरून घमेली वाहायच्या. त्यांत रुपा नावाची एक तरणी पोर होती. मुकादम खेकसला की ती मुद्दाम मोठ्यानं गायची:

डोईवर घमेलं, खडी रुतते गो केसात,
पुला, उभा राहा बाबा, पूर आला जरी वेशीत.

मला वाटायचं, ती माझ्याशीच बोलते आहे. मग एका दुपारी ती तापानं फणफणली. खडीचा ट्रक परत चालला होता, त्यात घालून तिला नेलं. त्याच दुपारी शेवटच्या खांबाच्या पायात काँक्रीट पडलं. पुढे कामाची टोळी उठून दुसरीकडे गेली. गावात कुणीतरी विचारलं, "ती गाणारी पोर कुठं गेली?" कुणीतरी म्हणालं, "पूल बळी मागतो. गाडली असंल." पहिला पाऊस सरेपर्यंत सगळ्यांची खात्री झाली.

तरी तेव्हा मला कुणी घाबरत नव्हतं. भीती आली ती माझ्या आवाजामुळे. एका उन्हाळ्यात फटीत खडे आणि माती अडकली. भर दुपारी लाद्या फुगल्या, जागा मिळेना, वरून ट्रक गेला आणि मी कण्हलो. एवढंच झालं.

"ऐकलंस? रुपा रडते!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या हिरव्या बांगड्या आल्या. आवाज फटीतून येतो, म्हणून त्या फटीतच खोचल्या. मग नारळाच्या शेंड्या आल्या, खणाचे तुकडे आले, साड्या आल्या. जितकं कोंबलं तितका मी मोठ्यानं कण्हलो. जितका कण्हलो तितकं आणखी कोंबलं. त्यावर पाणी मुरलं, माती बसली, सगळं दगडासारखं झालं. माझ्या कडेचे पोपडे ओढ्यात पडू लागले, आतली गंजलेली सळई दिसू लागली. रस्ता दुरुस्त करायला आलेली माणसंसुद्धा बाईच्या जागेला हात लावत नाहीत. भोवतीनं डांबर टाकतात, हात जोडतात आणि जातात. मी ओरडतो ते सगळ्यांना ऐकू येतं, मित्रांनो. फक्त मी ओरडतोय हे कुणाला कळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक लग्नाचा टेम्पो दुपारचा माझ्यावर थांबला. मुरबाडकडची माधुरी आणि तानसा बाजूचा विपुल, लग्न लागून नवऱ्याच्या घरी निघाले होते. नवी नवरी माझ्यावरून न्यायची तर आधी बाईला हिरवा चुडा द्यायचा, नाहीतर बाई नवरीला ठेवून घेते, अशी इथली रीत. चुडा घेऊन नवरीची पाठराखीण कमळमावशी उतरली. मागोमाग माधुरी उतरली, विपुल उतरला आणि पाय मोकळे करायला त्याची म्हातारी आजीही उतरली.

"कोणाला गो ह्या बांगड्या?" आजीनं विचारलं.

ड्रायव्हर देवजी इथलाच. तो खिडकीतून म्हणाला, "पुलावरच्या बाईला. रुपा नाव तिचं. हितं कामाला होती, मुकादमानं जिती गाडली खांबात. लय कडक हाय, आजी. हळू बोल."

आजीनं कठड्याला हात टेकला. मी तो हात ओळखला.

"कोणी गाडली?" ती म्हणाली. "ताप आला तवा ट्रकात घालून नेली मला. बरी झाले, लगीन झालं, पोरं झाली, नातवाचं लगीन झालं. आन तुमी मला हितं गाडून बसले?"

"आजी, भर दुपारी मस्करी नको करू."

"मस्करी तुमी केली रे. माझी."

"आजीचं नाव रुपाच हाय," विपुल हळूच म्हणाला.

देवजीनं खिडकीची काच वर केली.

रुपानं खाली वाकून फट पाहिली. "ह्यो सगळा माल माझ्या नावाचा?"

"तुझ्याच," कमळमावशी गोंधळून म्हणाली.

"मंग मीच काढते."

ती माझ्यावर फतकल मारून बसली. विपुलनं टेम्पोतून चाकं खोलायची लोखंडी टॉमी आणून दिली. रुपा खुपसत होती, उपसत होती आणि बडबडत होती. "ही बघ, कोरी साडी कुजवली गो! माझ्या लग्नात मी फाटकी नेसले." माधुरी हसता हसता तिच्या शेजारी बसली आणि शालू सावरत काचा वेचू लागली.

कठड्याकडची हातभर फट मोकळी झाली. किती वर्षांनी माझं अंग तिथे सैल झालं!

माधुरीनं मावशीच्या हातातला चुडा घेतला आणि रुपाचं मनगट धरलं. "तुझ्या नावाचा हाय ना, आजी? घाल."

"अगो, विधवेच्या हातात हिरवा चुडा?" कमळमावशी पुढे झाली.

रुपानं मान वर केली. "मेलीला चालतो, जितीला नाय चालत?"

 मग कमळमावशीनंच रुपाचा दुसरा हात ओढला आणि उरलेल्या बांगड्या चढवल्या.

देवजीनं टेम्पो त्या मोकळ्या बाजूनं काढला. मी कण्हलो नाही. मला वाटलं, आता तरी समजेल. पण देवजी ओरडला, "बघा, गप झाली! पावला चुडा!" मग नाक्या-नाक्यावर तो सांगत सुटला, "बाईनं सोता येऊन चुडा घेतला. मी डोळ्यांनी बघितलं." मित्रांनो, तो खोटं तरी कुठे बोलत होता?

बाई पावते म्हटल्यावर लांबलांबच्या गाड्या थांबू लागल्या. पावसाळ्याआधीच ती हातभर जागा पुन्हा बुजली, आधीपेक्षा घट्ट. आता कडेची तडे गेलेली लादी ट्रक गेला की हलते. रोज सकाळी तुमची शाळेची गाडी त्याच कडेवरून जाते. तिची चाकं जाईपर्यंत मी सगळा जीव एकवटून स्वतःला धरून ठेवतो.

म्हणून तुम्हाला सांगतो. कुणी कण्हत असेल तर त्याचं तोंड बंद करायला धावू नका, मग हातात चुडा का असेना. जवळ जा, वाकून पाहा. मी काही इथून उठून तुमच्या दारी सांगायला येऊ शकत नाही. तुमच्याकडे पाय आहेत. घरातल्या मोठ्या माणसांना हाताला धरून इथे आणा, माझी फट दाखवा आणि त्यांना सांगा, "भूत नाय हितं. ह्याला हितं दुखतंय."