पिसताऱ्याचे हात

पिसतारा म्हणजे तारामाशाचा नखरेल चुलतभाऊ. आमच्या संग्रहालयाच्या कोठीत जगभरच्या समुद्रांतले पिसतारे बाटल्यांमधून बसलेत. उथळ प्रवाळातल्या काहींना शंभरावर हात, तर खोल गार पाण्यातले बरेचसे दहावरच भागवतात. जिवंतपणी कोणी पिवळा, कोणी जांभळा, कोणी पट्ट्यापट्ट्यांचा. स्पिरिटमध्ये रंग उतरला की सगळे एकाच घरचे दिसायला लागतात.

शेवटचा पाठवला तो माझ्या पाणबुड्या दादाने. काळा, टोकांना पांढरा, अजून आमच्या टाकीत जिवंत. पिसतारा टोपलीतून वर आला. दादा मागून आलाच नाही.

आमचे सर म्हणाले, "नवी जात दिसतेय, आणि नमुना एकच. धड राहिला तर तुझ्या दादाचंच नाव देऊ." वहिनी त्या एका गोष्टीवर दिवस ढकलत होती. मी जेवत होते, झोपत होते, कामावर येत होते. लोक म्हणत, किती धीराची पोरगी! धीर कसला, डोंबलाचा. मला काही वाटतच नव्हतं.

पिसताऱ्याला थेट स्पिरिटमध्ये घातलं तर तो आपले हातच तोडून टाकतो. म्हणून आधी मेंथॉल घातलेल्या समुद्राच्या पाण्यात त्याला बधिर करायचं. मग बुडाच्या बारीक नख्यांना बोट लावायचं. त्या बोट धरेनाशा झाल्या, की उचलायचं. हे माझ्या डाव्या हातचा मळ. नव्यांना मीच शिकवते.

आज दादाच्या पिसताऱ्याची पाळी होती आणि वहिनी बघायला आली होती. मी बोट लावलं. काही जाणवलं नाही. उचलून बाटलीत सोडला.

हात गळायला लागले. आधी एक, मग भराभर सगळे. तळाशी काड्यांचा ढीग झाला आणि वर नुसतं बोडकं बूड.

"असंच होतं का गं?" वहिनीने विचारलं.

"नाही. तो बधिर झाला नव्हता. तुकड्यांवर सर नवी जात जाहीर करणार नाहीत."

"म्हणजे ह्यांचं नाव..."

"गेलं, वहिनी."

"मग बोट लावून काय बघितलंस?"

मी बोट वर केलं. रबरी हातमोज्यावर दोन-तीन नख्या अजून अडकून होत्या.

"त्याने धरलं होतं," मी म्हणाले. "चांगलं घट्ट धरलं होतं. मला कळलंच नाही."

वहिनी पुढे आली. तिने हातमोजा ओढून काढला आणि माझी बोटं मुठीत आवळली. जोरात आवळली असणार, कारण बोटं पांढरी पडली होती.